गिरणी गेटचा थांबा

आमच्या विभागात रोज सात-आठ जणांना टोपी घातली जाते आणि घालणारीला त्याचा पगार मिळतो. हा विनोद माझा नाही, टोपीताईंचा आहे. गेली एकोणीस वर्षं मी तो आठवड्यातून एकदा तरी ऐकत आलोय. मी एकदाही हसलेलो नाही, तरी त्यांची सांगायची हौस फिटत नाही.

ताई मेंदूचा आलेख काढतात, ईईजी म्हणतात तो. मी शेजारच्या खोलीत बसून रिपोर्ट टाईप करतो. आमच्या दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची भिंत आहे, पण ती छतापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे पलीकडे ताई जे काही बोलतात ते सगळं माझ्या कानावर येऊन आदळतं. आणि ताई बोलतात! सकाळी नऊ ते दुपारी चार, तोंडाला विसावा म्हणून नाही. वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

त्या इथे आल्या त्या आलेख काढायला नव्हे, धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालायला. तेव्हा आलेखाचं काम एक म्हातारे गृहस्थ करायचे. त्यांची पाठ गेली, वाकवेना, म्हणून त्यांनी घड्या घालणाऱ्या मुलीला टेप धरायला बोलावलं. टेप धरता धरता तिने सगळंच धरलं. नाकाच्या उंचवट्यापासून डोक्यामागच्या टेंगळापर्यंत मोजायचं, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, पांढरा चिकट लेप लावायचा, प्रत्येक खुणेवर एकेक वायर बसवायची. वायरी एकूण एकवीस. वरून रबरी पट्ट्यांची टोपी. हा लेप दोनदा डोकं धुतल्याशिवाय जात नाही आणि त्याबद्दलच्या शिव्या मात्र मला खायला लागतात, कारण रिपोर्ट न्यायला लोक माझ्या खिडकीशी येतात.

पूर्वीच्या यंत्राला शाईच्या निबा होत्या, त्या कागदावर लाटा काढायच्या. आता पडदा आहे. पण ताईंची सवय जुनीच. लाटा सरकत असताना त्या समासात नोंदी करतात: ‘डोळे मिटले’, ‘खोकला’, ‘दार वाजलं’, ‘सासूची आठवण निघाली’. ही शेवटची नोंद एकदा त्यांनी खरंच केली होती आणि डॉक्टरांनी मला ती टाईप करू दिली नाही. माझं म्हणणं असं की तिथे लाटा इतक्या उसळल्या होत्या की कारण लिहिणं गरजेचंच होतं.

एकदा मी त्यांना विचारलं, “ताई, इतकी वर्षं माणसांच्या डोक्यात डोकावताय. कोण काय विचार करतंय ते कळतं का हो?”

“छे! रस्त्यावरून जाताना एखाद्या घरात दिवा लागलेला दिसतो ना, तेवढंच. आत भांडणं चाललीत की भाजी निवडणं चाललंय, मला काय कळणार?”

“मग तुमचा उपयोग काय?”

“दिवा आहे एवढं तर सांगते. तुम्ही तर नुसतं टाईप करता.”

असं आमचं गोडीगुलाबीचं चालतं.

आता त्यांच्या खोडीबद्दल. ताई बेशुद्ध पेशंटशीही बोलतात. विभागाच्या नियमांत लिहिलंय की आलेख चालू असताना तंत्रज्ञाने अनावश्यक बोलू नये. त्यावर ताई म्हणतात, मी अनावश्यक बोलतच नाही. पेशंट महिनाभर निपचित पडलेला असो, त्या त्याला नावाने हाक मारतात, आपण कोण ते सांगतात, लेप गार लागेल म्हणून आधी बजावतात आणि मग बाहेर ऊन किती आहे इथपासून सगळी बातमीपत्रं वाचतात. मला तो शुद्ध वेडेपणा वाटायचा. भिंतीपलीकडून एकाच माणसाचा आवाज तासभर येत राहिला की ऐकणाऱ्याचंच डोकं फिरतं, मग त्याचाही आलेख काढायची वेळ येते. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय.

मग ड्रायव्हरकाका आले.

काका म्हणजे शहर बसचे ड्रायव्हर, तीस वर्षं बारा नंबरची गाडी चालवलेले. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बस डेपोत सांडलेल्या तेलावरून पाय घसरला आणि डोकं फरशीवर आपटलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण पाच आठवडे झाले तरी माणूस परत आला नव्हता. डोळे उघडायचे, पण बघायचे नाहीत. हाक मारली तर काही नाही, हात दाबला तर काही नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांना स्ट्रेचरवरून आमच्याकडे आणलं. सोबत काकू. किरकोळ बाई, हातात कापडी पिशवी, त्यात काकांचा चष्मा, त्यांचा कंगवा आणि एक स्वच्छ शर्ट. पाच आठवडे ती पिशवी त्यांनी हातातून सोडली नव्हती. दुपारी बैठक होती. वरच्या मजल्यावर व्यायाम-उपचारांचा वॉर्ड आहे, तिथे एक खाट रिकामी झाली होती. आलेखात काही प्रतिसाद दिसला तर ती काकांना मिळणार. नाही दिसला, तर तीन तासांच्या अंतरावर एक शुश्रूषागृह आहे, तिथे. तिथे नळीने भरवतात, कूस बदलतात, स्वच्छ ठेवतात. उठवायचा प्रयत्न मात्र कोणी करत नाही.

काकूंनी खिडकीशी येऊन मलाच विचारलं, “दादा, तुमच्या मशीनमध्ये कळतं का हो? हे आत आहेत की नाहीत?”

मी म्हटलं, “पलीकडे ताई आहेत, त्यांना विचारा.” आणि टाईप करत असल्याचं नाटक केलं.

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून बातमीपत्र सुरू झालं.

“काका, मी टोपीताई. आता लेप लावतेय, गार लागेल हं. काकू, तुम्ही बसा इथे. कुठली गाडी चालवायचे म्हणालात? बारा नंबर? अहो, मी रोज बारानेच येते की! म्हणजे काकांनी मला कितीतरी वेळा आणून सोडलं असेल. काका, ऐकलंत का? तुमची रोजची पॅसेंजर आहे मी.”

मग टोपी बसली, लाटा सुरू झाल्या. संथ आणि मोठ्या. ताईंनी मला नंतर सगळं दाखवलं म्हणून सांगतोय. अशा लाटा झोपाळलेल्या, जखमी मेंदूच्या असतात, त्यात काही नवल नव्हतं. ताईंनी टाळी वाजवली, नावाने हाक मारली, तळपाय दाबला. ही ठरलेली तपासणी. लाटा आपल्या चालल्यात तशाच. काकूंचा चेहरा बघवेना, म्हणून ताईंनी गप्पा चालू ठेवल्या.

“चला काका, आपण बारा नंबरने जाऊ. डेपो. मोठी शाळा. पाण्याची टाकी. टपाल कचेरी. लाकूडबाजार. घड्याळ चौक...”

आणि पडद्यावर लाटा मोडल्या. मोठ्या संथ लाटांच्या जागी दोन-तीन सेकंद बारीक, भरभर रेघा, मग पुन्हा पूर्ववत. असं काही दिसलं की तंत्रज्ञ आनंदाने नाचत नाही, आधी वायर तपासतो. ताईंनी एकवीसच्या एकवीस वायरी चाचपल्या. सगळ्या घट्ट.

“कुठे होतो आपण? पुन्हा डेपोपासून निघू.” डेपो, शाळा, टाकी, कचेरी, लाकूडबाजार, घड्याळ चौक. पुन्हा तिथेच लाटा मोडल्या.

“काकू,” ताईंचा आवाज एकदम हळू झाला, “घड्याळ चौकात काही झालं होतं का? भांडण, अपघात?”

“घड्याळ चौकात? नाही बाई.” काकू जरा घुटमळल्या. “तुम्ही मघापासून चुकताय, पण म्हटलं कशाला बोला. लाकूडबाजारानंतर गिरणी गेट येतं.”

“गिरणी गेटला बस थांबते?”

“म्हणजे तुम्ही जलद गाडीने येता!” काकू पाच आठवड्यांत पहिल्यांदा जोरात बोलल्या असतील. “तिचं नाव काढू नका ह्यांच्यासमोर. आयुष्यभराचं वैर आहे.”

भानगड अशी की गिरणी बंद पडली तेव्हा गेटच्या थांब्यावर माणसं कमी झाली. बसच्या कचेरीने सकाळच्या गाड्या जलद केल्या, त्या गेटला थांबतच नाहीत, आणि बाकीच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना तोंडी सांगितलं, कोणी उभं दिसलं तरच थांबा. काका ऐकेनात. त्या थांब्याला वाऱ्यासाठी दगडी आडोसा आहे आणि आडोशामागचा माणूस रस्त्यावरून दिसतच नाही. काका रिकाम्या थांब्यावर रोज पूर्ण थांबायचे, दार उघडायचे, दहा आकडे मोजायचे आणि मग निघायचे. उशीर होतो म्हणून त्यांना दोनदा ताकीद मिळाली. ती दोन्ही पत्रं त्यांनी घरी फ्रेम करून लावलीत, लग्नाच्या फोटोच्या शेजारी. “आमचा फोटो जरा तिरका आहे,” काकू म्हणाल्या, “पत्रं मात्र सरळ आहेत.”

ताई माझ्या दारात आल्या. “उठा. काम आहे.”

“मला सोळा रिपोर्ट...”

“उठा म्हणते ना!”

त्यांना तिसरा माणूस हवा होता. चूक कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे म्हणून आपल्या आवाजात काही फरक पडत असेल, अशी त्यांना शंका होती. त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर थांब्यांच्या दहा याद्या, काही बरोबर, काही कुठेतरी चुकलेल्या. कुठली कशी हे मला माहीत नव्हतं, मी स्कूटरवाला माणूस. खुर्चीत पाठमोरा बसून मी रटाळ आवाजात वाचत गेलो. रटाळ आवाज मला मुद्दाम काढावा लागत नाही, असं ताई म्हणतात. मधे मी स्वतःच एक ओळ गाळली आणि ताई ओरडल्या, “टाकी कुठेय, टाकी?” तर काकू म्हणाल्या, “ह्यांनाही कळलं बघा!” पडद्यावर लाटा मोडलेल्या होत्या. मी वळून पाहिलं. काकांचा चेहरा दगडासारखा होता, डोळे छताकडे. सोळा रिपोर्ट विसरून मी पुढची यादी वाचायला घेतली.

मोठे डॉक्टर आले. हुशार माणूस, सज्जनही, पण पटकन खूश होत नाही. त्यांनी स्वतः वीस याद्या करून घेतल्या, प्रत्येकीत चूक वेगळ्या जागी. सात नंबरच्या बसचे थांबेही चुकीचे वाचून बघितले. सात नंबरला लाटा ढिम्म हलल्या नाहीत. बारा नंबरच्या वीसपैकी चौदा चुका पकडल्या गेल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “मेंदूला चूक कळतेय, हे खरं. पण ‘यांना’ कळतेय का, ही वेगळी गोष्ट आहे, ताई. तीस वर्षांची सवय आहे. मेंदू अशा गोष्टी आपल्या आपण करत राहतो, आपल्याला पत्ताही नसतो. तुम्ही नेहमी देता तेच उदाहरण घ्या, घरात दिवा लागलाय म्हणजे घरात कोणी आहेच असं नाही. लोक दिवा चालू ठेवूनही बाहेर जातात.”

ताईंचंच उदाहरण त्यांच्यावर उलटलं होतं. काकूंनी पिशवी छातीशी धरली होती. पाऊणच्या सुमाराची गोष्ट. बैठक दोनला होती.

“डॉक्टर,” ताई म्हणाल्या, “आत कोणी नाही, असं तुम्ही छातीठोक सांगू शकता?”

“नाही.”

“कोणी आहे, असं?”

“तेही नाही. कुणालाच सांगता येणार नाही. लाटा दिसतात, ताई, त्या लाटा असणं आतून कसं वाटतं ते दिसत नाही. तुमचाही आलेख मी काढला तरी तुम्ही आत आहात हे मी तुमच्या बोलण्यावरूनच मानतो.”

“मी बोलते म्हणून मला मानता. ह्यांना बोलता येत नाही तर ह्यांच्या नावापुढे ‘नाही’ लिहिणार? माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे!” ताईंचा आवाज चढला होता. मोठ्या डॉक्टरांवर आवाज चढवलेला मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

डॉक्टरांनी वीस याद्यांचे कागद पुन्हा चाळले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “घ्या टाईप करून.” आणि त्यांनी सांगितलं: पेशंटच्या मेंदूला ओळखीच्या क्रमातली चूक कळते. यावरून त्यांना जाणीव आहे असं सिद्ध होत नाही. जाणीव नाही असं म्हणायलाही कोणताही आधार नाही. खाट द्यावी.

त्या शेवटच्या दोन शब्दांसाठी मी डॉक्टरांना त्यांच्या सगळ्या मागच्या रागलोभांसह माफ केलं. कागद घेऊन मी स्वतः जिना चढून वर गेलो. शिपायाची वाट बघितली नाही.

खाट मिळाली. पुढचं सगळं एकदम झालं नाही. दहाव्या दिवशी काकांच्या नजरेने काकूंच्या पिशवीचा पाठलाग केला. महिन्याभराने अंगठा हलला. मग पहिला शब्द आला, तो म्हणे “चष्मा”. त्यानंतर चिडचिड सुरू झाली आणि वरच्या नर्सेस म्हणाल्या की आता माणूस पुरता परत आला. रोजची बातमी काकू ताईंना आणून द्यायच्या, आणि ताई भिंतीवरून मला, मी विचारलेलं नसताना.

आठ महिन्यांनी काका फेरतपासणीला आले. काठी टेकत, पण चालत, सोबत काकू. ताईंनी सकाळपासून खोली दोनदा आवरली होती. एक गोष्ट त्यांना विचारायची होती आणि ती त्या आठ महिने मनात घेऊन बसल्या होत्या, हे मला ठाऊक होतं.

“काका, मी टोपीताई. त्या दिवशी तुम्ही इथे होतात, मी बोलत होते, बसचे थांबे सांगत होते... काही आठवतं?”

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नाही हो. तेलावरून घसरलो तिथपर्यंत आठवतं. त्यानंतर थेट वरचा वॉर्ड. मधलं सगळं कोरं.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. ही सांगते मला, तुम्ही फार केलंत. पण मी नव्हतोच म्हणा ना.”

ताई “हो, हो” म्हणाल्या. मग टेपचा आवाज आला, लेपाची डबी उघडल्याचा आवाज आला आणि ताईंचा आवाज येईना. खुणा झाल्या, वायरी लागत होत्या, तरी भिंतीपलीकडे शांतता. एकोणीस वर्षं जी मागत होतो ती शांतता मला मिळाली होती, आणि माझ्याने एक ओळ टाईप होईना. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. उठून जावं, तो टोपीचा विनोद सांगा म्हणावं, असंही मनात आलं.

तेवढ्यात काकांचा आवाज आला. “का हो, आज गप्पशा?”

“म्हणजे?”

“नाही... इथे कोणीतरी बोलत असतं ना?”

“कुठे?”

“इथे. हा लेपाचा वास आला की.” काका स्वतःच गोंधळले होते. “काय माहीत. मला आपलं वाटलं, आता कोणीतरी बोलायला लागेल.”

मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. डॉक्टरांना नंतर हे सांगितलं तर ते म्हणाले, काकूंनी घरी वर्णन केलं असेल. असेल. मी काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, थांब्यांचं सांगितलं होतं, वासाचं मी कशाला सांगू? पण त्याही शपथेवर सांगायला तयार नव्हत्या.

पलीकडे ताईंनी नाक ओढलं आणि घसा साफ केला. “डोळे मिटा काका. निघायचं का? डेपो. मोठी शाळा. पाण्याची टाकी. टपाल कचेरी. लाकूडबाजार.” इथे त्या जरा थांबल्या. “घड्याळ चौक.”

“ओ ताई!” काका खाटेवरून उठायचेच बाकी होते. “गिरणी गेट! गाडी थांबवा आधी!”

“तिथे कुणी दिसत नाही, काका.”

“दिसत नसू दे! कोणी दिसलं नाही तरी थांबायचं. आडोशाला असतं माणूस.”

यावर ताई हसल्या की रडल्या ते भिंतीमुळे मला नक्की सांगता येणार नाही, पण काकू दोन्ही करताना ऐकू येत होत्या. आलेखाची पार वाट लागली. माणूस हसला की एकवीसच्या एकवीस रेघा काळ्याकुट्ट होतात, वाचण्यासारखं काही उरत नाही. समासात ताईंची नोंद होती, ‘गिरणी गेट, थांबलो’. डॉक्टरांनी ती वाचली, माझ्यापुढे सरकवली, आणि मी ती जशीच्या तशी टाईप केली. आलेख पुन्हा काढावा लागला. दुसऱ्या खेपेलाही ताई तोंड मिटून बसल्या नाहीत.